तोडलेली वाक्यं

यादी सकाळी साडेनऊला पडद्यावर लागली आणि पावणेदहाच्या आत उत्तरा निंबाळकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यादीत चाळीस नावं होती. तिसरं नाव तिचं स्वतःचं होतं. यशोधरा कुरणेचं नाव कुठेच नव्हतं.

कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या दक्षिणधारा कास्टिंग्ज या कारखान्यात पंपांची बिडाची कवचं ओतली जात. दिवाळीचा बोनस कायद्याने सगळ्यांनाच मिळायचा, त्यात कुणाची मेहेरबानी नव्हती. पण त्याच्या आधी, खंडेनवमीला, यंत्रांची पूजा झाली की मालक आपल्या हातांनी चाळीस जणांना फेटा बांधत, आणि फेट्याबरोबर एक जाड पाकीट यायचं. कागदोपत्री त्याला 'गुणगौरव प्रोत्साहन' असं भारदस्त नाव होतं. कारखान्यात सगळे नुसतं 'फेटा' म्हणत. तो कुणाला द्यायचा आणि का द्यायचा हे कंपनीच्या मर्जीवर होतं. मर्जी म्हटली की जाब विचारायची सोय नाही, आणि बारा वर्षं ती मर्जी म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक विक्रांत सरनोबत होते.

उत्तरा तपासणी विभागाची प्रमुख होती आणि यशोधरा तिच्याच विभागात कामाला होती. तिचं काम बघायला साधं होतं. साखळीला टांगलेलं कवच समोर आलं की ती लहान हातोडीने त्याला एक टोला द्यायची आणि ऐकायची. अखंड बीड घुमतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बाकीच्यांना हा फरक ढोबळ तड्यापुरता कळायचा. यशोधराला केसाएवढा तडाही ऐकू यायचा. तिने पास केलेलं एकही कवच तीन वर्षांत गिऱ्हाइकाकडून परत आलं नव्हतं. आठ वर्षं ती या कामावर होती आणि आठही वर्षं खंडेनवमीला ती मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत आली होती.

यंदा मात्र टाळ्यांवर भागणार नव्हतं. दिवाळीनंतर क्ष-किरणांनी तडे शोधणारी स्वयंचलित लाइन सुरू होणार होती आणि हातोडी कायमची बंद होणार होती. ती लाइन चालवायला बारा जणांना शिकवून तयार करायचं ठरलं होतं, आणि कंपनीने अट घातली होती की उमेदवाराच्या नावावर किमान एक फेटा हवा. उरलेल्यांसाठी 'स्वेच्छानिवृत्ती'चे अर्ज छापून तयार होते. त्यात स्वेच्छा कुणाची होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. थोडक्यात, या यादीत नाव नाही म्हणजे यशोधराची नोकरी गेली.

आणि यंदाची यादी सरनोबतांनी केलीच नव्हती. ती यंत्राने केली होती. ते यंत्र कारखान्यात आणण्यासाठी वर्षभर भांडली होती ती उत्तराच.

ती भांडली होती कारण तिलाही चार वर्षं डावललं होतं. ती साडेपाचला घरी जायची, मुलगी लहान होती. सरनोबतांना संध्याकाळी केबिनमध्ये चहा पीत बसणारी माणसं आवडत. त्या माणसांत बाई कधीच नसे, आणि फेट्यात जेमतेम दोन-तीन असत, त्याही फोटोपुरत्या. उत्तराने हे मालकांच्या कानावर घातलं, आकडे काढून दाखवले, आणि शेवटी पुण्याच्या एका कंपनीचं 'समस्वर' नावाचं यंत्र आलं.

समस्वरमागचं शास्त्र खरोखर सुंदर होतं. दोन माणसं मनापासून बोलू लागली की त्यांचे आवाज नकळत एकमेकांकडे सरकतात. एक सावकाश बोलत असेल तर दुसऱ्याचाही वेग उतरतो, एकाची पट्टी चढली की दुसऱ्याची चढते. एकाचं बोलणं संपलं की साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात दुसरा सुरू होतो. त्याहून उशीर झाला तर समजावं की मन लागलेलं नाही, आणि आधीच सुरुवात झाली तर समजावं की ऐकायची तयारी नाही. शब्द न समजताही एवढ्यावरून सांगता येतं की कुणाशी बोलल्याने कामं पुढे सरकतात, कोण कुणाला सांभाळून घेतो, कोणाच्या असण्याने पाळी सुरळीत चालते. प्रत्येकाच्या कॉलरला बटणाएवढा बिल्ला लावला की झालं.

यंत्राला शिकवायलाही अडचण नव्हती. दोन वर्षं सगळ्यांनी बिल्ले लावले आणि त्या दोन वर्षांत फेटे मात्र सरनोबतच ठरवत राहिले. फेटा मिळालेल्यांच्या बोलण्याची घडण कशी होती, हे यंत्र शिकत गेलं. नाव, आडनाव, गाव, वय, जात, धर्म, बाई की पुरुष, हे सगळं आधीच गाळून टाकलं होतं. प्रत्येक जण नुसता एक क्रमांक होता. उत्तराने त्या वेळी सभेत उभं राहून सांगितलं होतं की आता कुणाच्या तोंडाकडे बघून फेटा मिळणार नाही. तिला टाळ्या मिळाल्या होत्या.

ती तडक सरनोबतांच्या केबिनमध्ये गेली. सरनोबत आज फार खुशीत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, तिसऱ्या नंबरबद्दल अभिनंदन केलं आणि कुरणेचं नाव निघताच हात वर केले. आपण या यादीत बोटही घातलेलं नाही, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. मग पुढे झुकून म्हणाले, "मॅडम, यंत्राला जात कळत नाही. तुम्हालाच ती दिसते."

उत्तराची कानशिलं तापली. कारण तिने जातीचा शब्दही काढला नव्हता. यशोधरा भीमनगरातली आहे, ही गोष्ट सरनोबतांच्या मनात किती वर वर तरंगत होती ते त्या एका वाक्यात कळलं. वर हाच माणूस साळसूदपणे तिला शिकवत होता.

नव्या कायद्यानुसार यंत्राने दिलेल्या निर्णयावर सात दिवसांत हरकत घेता येत असे. हरकत घेतली की नव्वद दिवसांचं मूळ ध्वनिमुद्रण उघडावं लागे. एरवी ते मोहोरबंद असायचं. त्यासाठी ज्याच्यावर अन्याय झाला त्याची सही हवी होती. उत्तरा अर्ज घेऊन तपासणीच्या बाकापाशी गेली. यशोधराने हातोडी खाली ठेवली, अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"म्याडम, पण यात माझं एकटीचंच—"

"ते मी बघते. तू सही कर, वेळ थोडा आहे."

यशोधराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. उत्तरा अर्ज घेऊन जवळजवळ धावतच निघाली. बऱ्याच वर्षांत तिला इतकं स्वच्छ, इतकं न्यायाचं असं काही आपल्या हातून होतंय असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून केयूर दातार आला. समस्वर बसवलं ते त्यानेच. तिशीचा, हुशार आणि मनाने सरळ मुलगा होता; आपल्या यंत्राने कुणाचं वाईट केलं असेल हे त्याला खरंच पटत नव्हतं. त्याने यशोधराच्या क्रमांकाचा तक्ता उघडला. कामातली अचूकता सर्वांत वरची होती. उपस्थिती उत्तम होती. आणि खाली एका रकान्यात सगळं बुडालं होतं. रकान्याचं नाव होतं 'संवादपूर्णता', आणि त्यात लिहिलं होतं की या व्यक्तीची एकसष्ट टक्के वाक्यं अपूर्ण राहतात.

"म्हणजे त्यांना नीट बोलता येत नसावं," केयूर म्हणाला. "अशा माणसाला टीमचं काम जमत नाही, असा यंत्राचा निष्कर्ष आहे."

उत्तरा त्या आकड्याकडे बघत राहिली. यशोधरा कमी बोलते, हे तिचंही मत होतं. अर्धवट बोलते, मध्येच गप्प होते, हेही खरं. पण केसाएवढा तडा ऐकणारी बाई स्वतःचं वाक्य पुरं करू शकत नाही, हे काही पटेना. तिने केयूरला विचारलं की वाक्य संपत नाही म्हणजे नेमकं काय होतं. बोलणारा आपणहून थांबतो की त्याला थांबवलं जातं?

केयूरने मान हलवली. यंत्र हा फरक करत नव्हतं. त्याला फक्त एवढंच दिसायचं की वाक्य सुरू झालं आणि मध्ये तुटलं. ज्या दोन वर्षांवर ते शिकलं त्यात फेटा मिळालेल्यांची वाक्यं पुरी होत होती, न मिळालेल्यांची तुटत होती. त्यावरून यंत्राने नियम बांधला.

"म्हणजे साहेब ज्याचं ऐकून घेत नव्हते," उत्तरा म्हणाली, "त्याला बोलता येत नाही असं तुमचं यंत्र शिकलं."

केयूरचा चेहरा उतरला. नाव काढलं, आडनाव काढलं, गाव काढलं, आता आणखी काय काढायचं होतं, असं तो स्वतःशीच पुटपुटला. त्याने मूळ ध्वनी लावून मोजणी नव्याने केली. यशोधराच्या अपूर्ण वाक्यांतली नव्वद टक्के वाक्यं दुसऱ्याने तोडलेली होती. मग उत्तराने सांगितलं म्हणून त्याने तोच निकष सगळ्या कारखान्याला लावला. निम्म्याहून जास्त वाक्यं तोडली जाणारी अकरा माणसं निघाली. क्रमांकांची नावं झाली तेव्हा उत्तराला काही नवल वाटलं नाही. यशोधरा धरून सहा जण भीमनगरातले. दोघे मुसलमान, साच्यांची वाळू तयार करणाऱ्या विभागातले. एक ओडिशाचा. एक कँटीनमागची झाडलोट करणारी बाई. आणि एक भट्टीवरचा, जो बोलताना अडखळायचा आणि ज्याच्यासाठी थांबायला कुणाला वेळ नसायचा. या अकरांपैकी एकालाही आजवर फेटा मिळालेला नव्हता.

काय निर्मळ यंत्र होतं! त्याला जात ठाऊक नव्हती, धर्म ठाऊक नव्हता, आणि तरी त्याने बरोब्बर त्याच माणसांना वेचून बाजूला काढलं होतं, कारण आपण माणसं समोरच्याची लायकी ठरवतो ती आधी आवाजात उतरते. वरच्याचा तुच्छपणा मोजायचा आणि तो खालच्याचा अवगुण म्हणून लिहायचा, हे एरवी करायला मनाचा कोडगेपणा लागतो. यंत्राला तोही लागला नव्हता.

"यशोधराची वाक्यं सगळ्यात जास्त कोण तोडतं?" उत्तराने विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं. हरकतीच्या सुनावणीत ते सरनोबतांच्या तोंडावर मारायचं, एवढंच बाकी होतं.

केयूरने यादी लावली. सरनोबत त्यात पाचव्या जागी निघाले. निम्मी वाक्यं एकाच माणसाने तोडलेली होती. क्रमांक सतरा.

"नाव उघडा."

केयूरने उघडलं आणि खुर्ची थोडी मागे घेतली. पडद्यावर लिहिलं होतं: उत्तरा निंबाळकर.

तिने आधी यंत्र चुकलंय असं म्हटलं. मग विभागप्रमुख म्हणून माझं बोलणं सगळ्यांशीच जास्त होतं, असं म्हटलं. केयूरने तिच्या विभागातल्या इतर बायकांचे आकडे शेजारी लावले. त्यांची वाक्यं ती क्वचितच तोडत होती. शेवटी तिने आवाज ऐकायला मागितला.

पहिला तुकडा रेखावहिनींचा होता. उत्तराचा आवाज आला, "सांगा की वहिनी, काय म्हणताय?" आणि मग पाऊण मिनिट रेखावहिनी बोलत होत्या, निम्मं कामाचं आणि निम्मं नातवाच्या खोकल्याचं, आणि उत्तरा मध्ये मध्ये हुंकार देत होती. त्यानंतर शांताक्का. त्यानंतर मंगलमावशी. तिच्या विभागात कुणी आक्का होती, कुणी मावशी, कुणी वहिनी. त्यानंतर चौदा ऑगस्टचा तुकडा लागला.

"म्याडम, सातव्या लायनीच्या वाळूला वल लई हाय, आवाजात फरक पडाय लागला—"

"कुरणे, वाळूचं वाळूवाले बघतील. तू तुझं काम कर."

उत्तराने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. तो दिवस तिला चांगला आठवत होता. त्यानंतर चार दिवसांत छत्तीस कवचं तडकून निघाली आणि वाळूतच ओल होती असं सिद्ध झालं. त्या प्रकरणाच्या अहवालात 'तपासणी कामगाराकडून वेळेत सूचना मिळाली नाही' हे वाक्य तिने स्वतः लिहिलं होतं. ते लिहिताना ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच काही ऐकू आलेलं नव्हतं.

आपण जातबित काही मानत नाही, असं ती आयुष्यभर म्हणत आली होती. आडनावाने हाक मारणं हा ऑफिसातला शिष्टाचार आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. मग हा शिष्टाचार विभागात एकाच बाईच्या वाट्याला का आला, हे तिला आठ वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, आणि तो राग कुणावर काढायचा हेही कळेना.

संध्याकाळपर्यंत सरनोबतांना सगळं समजलं. त्यांनी तिला बोलावलं आणि अगदी मायेने समजावलं. हरकत मागे घ्या, असं ते म्हणाले. हे ध्वनिमुद्रण पुन्हा मोहोरबंद होईल, कुणाला काही कळणार नाही. नव्या लाइनच्या प्रमुखपदी तुमचंच नाव धरलेलं आहे. मात्र सुनावणीत हे उघडलं तर असा डाग लागलेल्या माणसाला तिथे कसं बसवायचं, याचा तुम्हीच विचार करा. केबिनबाहेर पडताना उत्तराच्या लक्षात आलं की आपण 'विचार करते' असं म्हणून आलो आहोत. आणि ती रात्रभर विचार करत राहिली, हेही इथे सांगितलंच पाहिजे. तिने कौल लगेच सत्याच्या बाजूने दिला असता तर ही गोष्ट फार सोपी झाली असती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती यशोधराच्या बाकापाशी गेली. यशोधरा डबा आटोपून हातोडीचा दांडा पुसत होती. उत्तराने उभ्यानेच सगळं सांगितलं. एकसष्ट टक्के, तोडलेल्या वाक्यांची अकरा माणसं, क्रमांक सतरा, चौदा ऑगस्ट. तिला वाटत होतं की यशोधरा चकित होईल.

"सतरा नंबर तुमी हाय, हे कळाय तुमाला मशीन लागलं व्हय?" यशोधरा म्हणाली. "मला पयल्या आठवड्यात कळलं व्हतं."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

यशोधराने दांड्यावरचा हात थांबवला. "कवा?"

उत्तरा बाकावर बसली. आपलं चुकलं, असं ती म्हणाली. यशोधराने ते ऐकलं, पण 'जाऊ द्या' असं म्हटलं नाही.

"माफी तुमच्या माझ्यातली हाय, ती ऱ्हाऊ द्या. हितं माझी नोकरी चाललीया. दोन पोरं शिकत्यात माझी. जे आता मला सांगितलासा ते वर त्यांच्याम्होरं सांगा. आन माझ्यावर उपकार म्हणून सांगू नका. मला तुमचा उपकार नको."

खरं सांगायचं तर उत्तराला हे लागलं. आपण आपलं पद पणाला लावायला निघालो आहोत, निदान दोन शब्द बरे बोलावेत, असं तिच्या मनात आलंच. मग तिला तो विचार स्वतःलाच किळसवाणा वाटला. दुपारी तिने सरनोबतांना निरोप धाडला की हरकत कायम आहे.

सुनावणी खंडेनवमीच्या दोन दिवस आधी, वरच्या सभागृहात झाली. कायद्याप्रमाणे बाहेरच्या सदस्य म्हणून शमीम शिकलगार आल्या होत्या, कामगार न्यायालयातून निवृत्त झालेल्या. टेबलाच्या एका बाजूला सरनोबत आणि केयूर बसले, दुसऱ्या बाजूला उत्तरा आणि यशोधरा. उत्तराने काहीही राखून ठेवलं नाही. तिने रेखावहिनींचा तुकडा लावला, मग चौदा ऑगस्टचा, मग आपला अहवाल वाचून दाखवला. स्वतःचा तो तुटक, कंटाळलेला आवाज तिने चार माणसांसमोर शेवटपर्यंत वाजू दिला.

सरनोबतांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की यावरून एकच सिद्ध होतं. यंत्र निर्दोष आहे. त्याने जे घडलं ते टिपलं. दोष निंबाळकर मॅडमचा आहे, तो त्यांनीच कबूल केलाय, तेव्हा कारवाई त्यांच्यावर व्हावी.

"करा," उत्तरा म्हणाली. "मी तयार आहे. पण वाक्य तोडलं मी, आणि गुण तिचे कापले गेले. मी तिसरी आले, सर. तिचं तोंड बंद करण्याबद्दल तुमचं यंत्र मला फेटा बांधतंय. यात निर्दोष काय आहे ते मला सांगा."

केयूर मान खाली घालून बसला होता. शिकलगारबाईंनी थोडा वेळ कागद चाळले, सरनोबतांशी हलक्या आवाजात काही बोलून घेतलं आणि मार्ग सुचवला. निंबाळकरांचं नाव यादीतून काढावं. त्यांच्या जागी कुरणे यांचं नाव घालावं, म्हणजे नव्या लाइनच्या प्रशिक्षणाला त्या पात्र होतील. यादीतली बाकी नावं आहेत तशी राहतील. सरनोबतांनी लगेच होकार भरला. एका नावावर प्रकरण मिटत असेल तर त्यांना काहीच अडचण नव्हती. बाईंनी यशोधराकडे पाहून हे मान्य आहे का, असं विचारलं.

उत्तराने सुटकेचा श्वास सोडला. यशोधराची नोकरी वाचली होती. जिच्यासाठी हे सगळं केलं ते झालं होतं.

यशोधरा उभी राहिली. ती सावकाश बोलू लागली, एकेक शब्द जोखून. "मान्य म्हणाय काय हरकत न्हाई. नोकरी मला पायजेच. पण मी सही केली त्या दिवशी अर्जात वाचलं, त्यात एकटीचंच नाव घातलं व्हतं. तवा मला म्हणायचं व्हतं की..." ती थांबली. तिला शब्द सापडत नसावेत. सरनोबतांनी घड्याळ पाहिलं. शिकलगारबाईंनी लेखणीचं टोपण लावलं. आता हे हातचं जाणार, असं उत्तराला वाटलं आणि ती घाईने पुढे झाली.

"मॅडम, यशोधराचं म्हणणं असं आहे की तिला हा मार्ग मान्य आहे, फक्त बाकीच्या दहा जणांचाही पुढेमागे विचार—"

"म्याडम."

यशोधराने आवाज चढवला नव्हता. तिने नुसता हात उचलला होता, उत्तराच्या तोंडासमोर.

"माझं वाक्य संपलं न्हाई अजून."

उत्तरा बोलायची थांबली. उघडलेलं तोंड मिटायलाही तिला वेळ लागला. एवढं सगळं ऐकून, ऐकवून, कबूल करून झाल्यावर, सगळ्यांच्या देखत तिने तेच केलं होतं, आणि या वेळी तर चांगल्या मनाने केलं होतं. ती खाली बसली. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे यशोधराकडे बघत होते.

यशोधराने मध्ये पुरेसा वेळ जाऊ दिला. मग जिथं वाक्य तुटलं होतं तिथूनच तिने ते धरलं.

"तवा मला म्हणायचं व्हतं की मी एकटी न्हाई. आमी अकरा हाय. मला एकटीला फेटा बांधून तुमी धा जणांचं तोंड बांधाय निघालाय, आन त्या बांधलेल्या फेट्याचा फोटो भिंतीवर लावणार, की बघा, आमच्यात भेदभाव न्हाई. तसं मी हू देणार न्हाई. पयलं त्या धा जणांना हितं बोलवा. एकेकाला बोलू द्या. तो भट्टीवरचा आडकंल, त्याला आडकू द्या, थांबा. सगळ्यांचं बोलून झाल्याबिगर यादी लागायची न्हाई. आन नवमीच्या आत झालं न्हाई, तर यंदा कुणाच्याच डोस्क्याला फेटा न्हाई, नुसती मशीनींची पूजा करा."

सरनोबत काही म्हणायला पुढे झाले. शिकलगारबाईंनी त्यांना हातानेच बसायला सांगितलं, टोपण काढलं आणि यशोधराला विचारलं की आता बोलणं पुरं झालं का.

"न्हाई," यशोधरा म्हणाली, आणि खुर्ची मागे सारून नीट उभी राहिली. "आठ वर्सांचं हाय. लिवून घ्या."